डोंगरउतारावरची सायकलवाट: हिरडस मावळातल्या अकरा महिन्यांच्या नोंदी

भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा देवघर धरणाचं पाणी दिसायला लागतं, तिथून आत आमचं गाव. गावामागच्या डोंगरावर भावकीची मिळून सव्वीस एकर वरकस जमीन आहे. पूर्वी तिथं नाचणी-वरी व्हायची, आता वीस वर्षं नुसतं गवत, कारवी आणि करवंदाच्या जाळ्या. मी पुण्यात नोकरी करतो आणि माउंटन बाइक चालवतो. या जमिनीवर सायकलची एक नीट वाट काढायची, पुतण्यांना आणि गावातल्या पोरांना ती चालवता यावी, हे बरेच दिवस मनात होतं. दुसऱ्या कुणाला आपल्या डोंगरावर असंच काही करायचं असेल तर आमच्या चुका त्याला आधीच कळाव्यात, म्हणून रविवारच्या रविवार लिहून ठेवलं.

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळी झाली, पण गावात माणूस मोकळा नाही. भाताची कापणी उरकतेय, कुठं झोडणी चाललीय. मी आणि चुलतभाऊ दोघंच डोंगर फिरलो. वरच्या टेपापासून (उंचवट्यापासून) खालच्या ओढ्यापर्यंत एक जुनी ढोरवाट आहे, ४०० मीटर लांब, जवळजवळ सरळ खाली येणारी. दोघांनाही वाटलं, उतरणीची वाट आयतीच मिळाली. ती साफ करायची, चढण तेवढी नवी काढायची. या एका निर्णयामुळे पुढं महिना-दीड महिना वाया गेला.

३ डिसेंबर

भावकीतल्या सहा घरांकडे गेलो. पाच घरांनी साध्या कागदावर सही दिली. सहावे काका नको म्हणाले. त्यांना पुढंमागं तिथं आंबा लावायचा आहे. त्यांचा गट सोडून वाट वळवायची ठरली. घाई करून तोंडी होकारावर काम सुरू केलं नाही, हे बरं झालं.

दुसरी अडचण वनहद्दीची. फोनवर नकाशा लावून चढणीची रेघ आखली होती. आज हद्दीचा दगड शोधला तर तो आमच्या अंदाजापेक्षा बराच खाली निघाला. आखलेल्या रेघेपैकी १४० मीटर सरळ वनखात्याच्या जमिनीत जात होते. फोनचा जीपीएस झाडीत आणि कड्याखाली पाच-दहा मीटर सहज इकडेतिकडे दाखवतो, त्यावर हद्द ठरवू नये. फाळणीचा, म्हणजे जमिनीच्या हिश्शांच्या हद्दी दाखवणारा, नकाशा घेऊन दगड प्रत्यक्ष बघावेत. वनजमिनीत परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही, मग ती वाट फूटभर रुंद का असेना. रेघ पुसली. दोन रविवार गेले.

१० डिसेंबर

भोरच्या बाजारातून अवजारं आणली. तीन कुदळी, तीन टिकाव, चार फावडी, दोन पहारी, सहा घमेली, तीन कोयते, दोन दाताळी. सगळे मिळून ६,८५० रुपये. दाताळं एरवी राब भाजताना पालापाचोळा ओढायला वापरतात. वाटेचं शेवटचं सपाटीकरण त्याच्याइतकं चांगलं फावड्यानं होत नाही. दोनऐवजी चार घ्यायला हवी होती.

३१ डिसेंबर

चार गडी, चार दिवस, ५०० रुपये रोज. ८,००० रुपयांत ढोरवाट साफ झाली. घाणेरी काढली, सुटे दगड बाजूला केले. आज पुण्याहून मित्र आले, आठ जणांनी दिवसभर फेऱ्या मारल्या. मजा आली, खोटं कशाला सांगू. संध्याकाळपर्यंत मधल्या टप्प्यात घोट्याएवढा फुफाटा झाला. प्रत्येक जण ब्रेक दाबून मागचं चाक घसटत उतरत होता, त्यामुळे मातीचा थर सुटून मुरूम उघडा पडला. हे एका दिवसात, तेही पाऊस नसताना.

७ जानेवारी २०२४

तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, आज पहिल्यांदा वर आले. वाट बघून म्हणाले, "आरं, ही वाट हाय का वढा?" मला कळलं नाही. त्यांनी ओढ्यावरून पाण्याचे दोन हंडे आणायला लावले आणि वाटेच्या वरच्या टोकाला ओतले. पाणी वाटेबाहेर गेलंच नाही. आमच्या साफ केलेल्या खोबणीतून तीसेक मीटर माती घेऊन खाली पळालं आणि मग जिरलं. दोन हंड्यांचं हे असं, तर आषाढातल्या पावसाचं काय होईल ते दिसलंच.

मोजलं तेव्हा ४०० मीटरमध्ये ८४ मीटर उतार निघाला, म्हणजे २१ टक्के. डोंगराचा उतारच तिथं तेवीस-चोवीस टक्के आहे. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असला तर पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटेनंच धावतं. ट्रेल बांधणारे जगभर हाच हिशेब धरतात. सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, हेही तेच सांगतात. मी हे आधी वाचलं होतं, पण आयती वाट समोर दिसली आणि मोजायचंच राहिलं.

ढोरवाट सोडली. तिच्यावर ठिकठिकाणी करवंदाचे काटे टाकून ती बंद केली. (हीसुद्धा चूक होती; ती एप्रिलमध्ये कळली.)

२१ जानेवारी

नव्यानं आखणी. आता पूर्ण फेरा २.३ किलोमीटरचा: १.३ किलोमीटर चढण, १ किलोमीटर उतरण, उंचीचा फरक साधारण ८५ मीटर. म्हणजे चढण साडेसहा टक्के, उतरण साडेआठ टक्के.

आखायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेतली, १५ मीटर, ३०० रुपये. नळीची दोन टोकं दोन उंच काठ्यांना बांधायची, काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या. एक काठी जागेवर, दुसरी दहा मीटर पुढं. दोन्हीकडच्या पाण्याच्या खुणांत ६५ सेंटिमीटर फरक आला की साडेसहा टक्के. पुढची काठी वर-खाली सरकवत तो फरक मिळेल तिथं खुंटी ठोकायची. खुंट्यांना जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधल्या; गवतात दुसरा रंग दिसत नाही.

दिवसाला तीनेकशे मीटर आखून होतात. फोनमधल्या ॲपनं हे काम पटकन होईल असं वाटतं. आम्ही करून बघितलं. हात थोडा हलला तरी दोन-तीन टक्क्यांची चूक येते, आणि इथं सगळा खेळच दोन-तीन टक्क्यांचा आहे.

२८ जानेवारी

मागच्या रविवारच्या खुंट्यांपैकी चाळीस मीटर चुकल्या. नळीत बुडबुडा अडकला होता. पाण्यात चिमूटभर हळद टाकली, आता पाणीही ठळक दिसतं आणि बुडबुडाही. काम सुरू करताना दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं, आणि जेवणानंतर पुन्हा बघायचं. दुपारच्या उन्हात नळी तापली की बुडबुडे नव्यानं धरतात.

११ फेब्रुवारी

खोदाई सुरू होऊन आठवडा झाला. सात माणसं आहेत, त्यातल्या चार बायका. रोज सगळ्यांना सारखाच, ५०० रुपये. गावात बायांचा रोज कमी असतो, त्यामुळे दोन-तीन जणांनी कुरकुर केली. काम सारखं असताना रोज वेगळा देणं मला पटत नाही, आणि खरं म्हणजे या चौघींचं काम सरस निघालं. त्यांनी पूर्वी पाणलोटाच्या कामावर सलग समतल चर खोदलेत. डोंगराला आडवी रेघ कशी धरायची हे त्यांच्या नजरेतच आहे. खुंटी हातभर चुकली तरी त्यांच्यातल्या एक काकी लांबूनच सांगतात, "ही वर गेलीया."

पहिल्या ६० मीटरची चूक: आम्ही निम्मी वाट डोंगरात कापली आणि निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकून उरलेली निम्मी भरावावर केली. काम दुप्पट वेगानं झालं. पण सायकल बाहेरच्या कडेला आली की चाक रुततं. भराव कितीही धोपटला तरी एका पावसाशिवाय बसत नाही, आणि पहिल्या पावसात तोच आधी सुटतो. ते ६० मीटर पुन्हा खोदले, आणि पुढं वाटेची ९० सेंटिमीटर रुंदी पूर्ण मूळ जमिनीतच कापली. मागची भिंत फूट-सव्वा फुटाची होते. ती उभी न ठेवता तिरकी तासायची, नाहीतर ढासळून वाटेवर येते. निघालेली माती घमेल्यानं उतारावर लांब विखरून टाकायची. कडेला रचून ठेवली तर तिचाच बांध होतो आणि पाणी वाटेवर अडतं.

वेग: मोकळ्या मुरमात माणशी दिवसाला आठ-नऊ मीटर. कारवीच्या बुंध्यांत पाच. दगड लागला तर दोनही होत नाहीत.

३ मार्च

चढणीच्या मध्यावर कातळाचा पट्टा आहे, ७० मीटर. फोडायचा विचार होता. पहारीनं दिवसभर झगडून एक खडक हलला. मग वाट कातळावरूनच नेली, दोन्ही बाजूंना छोट्या दगडांच्या रांगा लावून दिशा दाखवली. कातळाला काही करावं लागत नाही, पाऊस त्याचं काही बिघडवत नाही. आधीच हे करायला हवं होतं.

१० मार्च

वळणाची जागा कठीण लागली म्हणून भावानं मला न विचारता जेसीबी आणला. कमीत कमी तीन तासांचे पैसे, १,३०० रुपये ताशी, ३,९०० रुपये. त्याचा हेतू चांगला होता, माणसांचे श्रम वाचवायचे होते. पण यंत्राला स्वतःला उभं राहायलाच तीन-साडेतीन मीटर जागा लागते. एवढी रुंद खाच पडली, वरची भिंत पुरुषभर उंच झाली, आणि निघालेली सगळी माती खाली ढकलली गेली. करवंदाच्या दोन जुन्या जाळ्या त्याखाली गेल्या, त्याचं मला फार वाईट वाटलं. सायकलवाटेला मोठं यंत्र आणू नये. आमच्या पूर्ण फेऱ्यातली सगळ्यात कमजोर जागा आजही हीच आहे.

१७ मार्च

वणवा. शेजारच्या डोंगरावरून आला, रात्रीत उतरणीच्या बाजूचं गवत जळालं. शंभरेक खुंट्या आणि चिंध्या गेल्या. जिथं वाट खोदून झाली होती तिथं आग वाटेपाशी थांबली. खाली हिरड्याची आणि ऐनाची झाडं होती ती वाचली. गावातल्या पोरांनी ओल्या फांद्यांनी झोडपून बाकीची विझवली.

पुन्हा आखायला एक रविवार गेला. आता दर वळणाला खुंटीऐवजी चुना लावलेला दगड ठेवतो.

७ एप्रिल

आठवड्यानं वर आलो तर नव्या वाटेची बाहेरची कड सात-आठ ठिकाणी तुटलेली. सगळीकडे गुरांच्या खुरांच्या खुणा. गुराखी पोराला विचारलं. तो म्हणाला, "तुमीच जुन्या वाटंवर काटं टाकल्यात, मग गुरं जानार कुठनं?"

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. गुरांना पाण्यावर जायला सरळ वाट लागते, ती आम्ही बंद केली आणि वर आयती सपाट वाट करून दिली. काटे काढले. ढोरवाटेवर दर आठ-दहा मीटरला तिरके दगड आडवे बसवले, म्हणजे पाणी बाजूला निघेल. दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथं आमच्या वाटेवर सपाट दगड पेरून टाकले. आठवड्याभरात गुरं मूळ वाटेवर गेली. वाट काढण्याआधी गुराख्यांना विचारायचं, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

२१ एप्रिल

वळणं. चढणीवर चार, उतरणीवर तीन. पहिलं वळण दीड मीटर त्रिज्येचं केलं. चढताना एकालाही पाय न टेकता वळता आलं नाही. पावणेतीन-तीन मीटर लागतात. आणि वळण हातभर मोठं करायचं म्हटलं तरी तीव्र उतारावर भिंत फार उंच होते, त्यामुळे डोंगर जिथं थोडा सैल आहे तिथंच वळायचं आणि मधली लांबी त्यानुसार बदलायची. वळणांखाली तात्यांनी स्वतः दगडी ताली, म्हणजे आधाराच्या भिंती, रचल्या. बिनसिमेंटच्या, प्रत्येक दगड आत कललेला. सत्तरीतला माणूस उन्हात तीन दिवस बसून दगड निवडत होता. थांबा म्हटलं तरी ऐकलं नाही.

१२ मे

७ मेला मतदान होतं, त्याच्या आगेमागे आठवडाभर काम बंद. आता खोदाई संपत आली आणि सगळ्यात नाजूक काम उरलंय: वाट बाहेरच्या बाजूला किंचित कलती करणं. ९० सेंटिमीटर रुंदीत बाहेरची कड साडेचार सेंटिमीटर खाली, म्हणजे पाच टक्के. पाणी वाटेवर आलं की पसरून पलीकडे निघून जावं.

हे करताना एक गोष्ट लक्षात आली. आमची सगळी माणसं सवयीनं वाट आतल्या बाजूला कलती करत होती. शेताचा बांध असो की समतल चर, तिथं पाणी अडवायचं असतं. आयुष्यभर हाताला तेच वळण. इथं पाणी सोडायचं होतं. दोन दिवस सांगूनही हात तसाच पडत होता. मग काकींनीच युक्ती काढली: ९० सेंटिमीटरची फळी, तिच्या एका टोकाखाली साडेचार सेंटिमीटरचा ठोकळा. फळी वाटेवर आडवी ठेवायची, ठोकळा बाहेरच्या कडेला, वर गवंड्याची लेव्हल. बुडबुडा मध्ये आला की झालं. त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

दर पंचवीसेक मीटरला वाट क्षणभर खाली घेऊन पुन्हा थोडी वर उचलली. तात्या याला लवण म्हणतात. पाणी लवणात येतं आणि तिथून बाहेर पडतं. सायकलला त्याचा त्रास नाही, उलट लय मिळते. अशी लहानमोठी ८७ लवणं झाली.

९ जून

मृगाचा पाऊस. छत्री घेऊन पूर्ण फेरा चाललो. पाऊस पडत असताना वाटेवर असणं फार गरजेचं आहे. उन्हात काहीच कळत नाही. बहुतेक लवणांतून पाणी अगदी हवं तिथून बाहेर पडत होतं, आणि मी एकेका जागी उभा राहून बघत बसलो. अकरा ठिकाणी तसं होत नव्हतं. तिथं फावड्यानं पाण्याला तोंड करून दिलं. वणव्यानं जळालेल्या भागातून मात्र काळं पाणी आणि राख वाटेवर उतरली.

आजपासून पाऊस संपेपर्यंत वाट बंद. दोन्ही तोंडांना लाकूड आडवं बांधलं.

२८ जुलै

भाताची लावणी चालू, त्यामुळे दुरुस्तीला माणूस मिळणं शक्यच नाही. २५ तारखेला पुण्यात पूर आला, मी तिकडेच अडकलो होतो. आज पोचलो.

जेसीबीच्या खाचेतली भिंत सहा मीटर लांब घसरली आहे. वाट मातीखाली. हाताने खोदलेल्या भागात एकही मोठी पडझड नाही.

उतरणीच्या दुसऱ्या वळणाला उंच कड केली होती, तिच्यात खेकड्यांनी बिळं पाडली. भाताच्या बांधाला जसं होतं तसंच. बिळातून पाणी आरपार जाऊन आतली माती वाहून गेली, वरून कड जशीच्या तशी दिसते, पाय ठेवला तर खचते. भरावात मोठे दगड घातले असते तर हे झालं नसतं.

आणि लाकूड बाजूला करून कुणीतरी दोन सायकली पावसात चालवून गेलंय. चाकांच्या चाकोऱ्या लवण ओलांडून गेल्या आहेत, पाणी आता लवणात न थांबता चाकोरीतून पुढं जातंय. दोन सायकलींच्या एका फेरीचं हे नुकसान. इतक्या लोकांच्या घामावर असं कुणी करावं याचा मला मनापासून राग आला. ओल्या मातीवर चालवू नका, कुणाच्याही वाटेवर.

१८ ऑगस्ट

वाटेच्या दोन्ही कडांना तेरडा आणि टाकळा माजलाय. वरच्या भिंतीवर गवतानं मुळं धरली, आता ती ढासळणार नाही. म्हणून फक्त मधला दीड फूट कापला, कडांना हात लावला नाही. कातळावर शेवाळ आहे, चालतानाही घसरतं.

२९ सप्टेंबर

चार माणसं, तीन दिवस, ६,००० रुपये. घसरलेल्या भिंतीखाली ताल रचली आणि वाट तीन मीटरवरून एका मीटरवर आणली. खेकड्यांची कड फोडून खाली दगड भरले, वर माती. गाळानं भरलेली तेवीस लवणं मोकळी केली. लवणाचं तोंड वाटेएवढं रुंद असलं तर गाळ बसत नाही. जी अरुंद केली होती तीच भरली. सगळी रुंद केली.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज वाट उघडली. पहिला फेरा पुतण्यानं मारला, त्याच्या शाळेच्या साध्या सायकलवर. चढणीवर दोनदा उतरला, उतरणीवर एकदाही नाही.

खर्चाचा पूर्ण हिशेब, पेट्रोल सोडून: अवजारं ६,८५०, ढोरवाटेची साफसफाई ८,०००, नळी ३००, खोदाई १६८ रोज म्हणजे ८४,०००, जेसीबी ३,९००, पावसानंतरची दुरुस्ती ६,०००, चहा-जेवण ९,४००. एकूण १,१८,४५० रुपये. याखेरीज घरच्यांचे आणि मित्रांचे सत्तरेक दिवस बिनपैशांचे. ढोरवाट, जेसीबी आणि त्याचीच दुरुस्ती धरली तर साधारण १८,००० रुपये टाळता आले असते.

उरलेलं काम: चढणीच्या तिसऱ्या वळणाची ताल एका दगडानं पोटात सुटली आहे. पुढच्या आठवड्यात भातकापणी सुरू होईल, त्याआधी तात्यांना वर न्यायचं आहे. दगड त्यांनी आधीच निवडून ओढ्याकाठी ठेवलाय.